पेटलेल्या निखाऱ्याला वारा किती घालावा?

१. वाचकाचा पहिला प्रश्न

फुटबॉलविषयी चार माणसांत बोलणे निघाले की, ज्याचा या खेळाशी फारसा परिचय नाही असा श्रोता बहुधा एकच प्रश्न विचारतो, आणि तो प्रश्न दिसतो तितका सोपा नसतो. तो विचारतो, ‘जे खेळाडू वर्षभर एकाच वस्तादाच्या नजरेखाली घाम गाळतात, ज्यांना आपल्या कामाचा मुशाहिरा मिळतो आणि चेंडू कसा मारावा हे ज्यांना लहानपणापासून ठाऊक आहे, त्यांना एका विशिष्ट सामन्याच्या आधी पुन्हा पेटवावे का लागते, आणि बंद दाराआड प्रशिक्षक त्यांच्याशी असे बोलतो तरी काय?’

कोल्हापूरच्या वाचकाला या प्रश्नाचा पूर्वार्ध समजावून सांगण्याची गरज नाही. ज्या शहरात फुटबॉलचा संघ अद्यापि ‘तालीम मंडळ’ या नावाने ओळखला जातो, आणि शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालमीची व दिलबहारची गाठ पडली म्हणजे पेठेपेठेच्या अब्रूचा निवाडा तेथे व्हावयाचा आहे असे ज्याच्या त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेले असते, त्या शहरातील माणूस हे जाणतो की काही सामने हे केवळ सामने नसतात. जगभर अशा एकाच गावातील वा एकाच मुलखातील दोन संघांच्या लढतीला ‘डर्बी’ म्हणतात.

प्रश्नाचा उत्तरार्ध मात्र कठीण आहे. डर्बीच्या दिवशी खेळाडूचे मन आधीच पेटलेले असते. मग प्रशिक्षक करतो काय? सामान्य समजूत अशी की तो आणखी पेटवतो. प्रस्तुत लेखकाचे मत असे की, उत्तम प्रशिक्षकाचे काम लोहाराच्या भात्यासारखे आहे. निखारा भाता पेटवीत नाही, तो आधीच पेटलेला असतो; भात्याने ठरवावयाचे असते ते एवढेच की वारा किती, केव्हा आणि कोणत्या लोखंडाखाली. कमी तापलेले लोखंड घणाखाली वाकत नाही, आणि प्रमाणाबाहेर तापलेल्या लोखंडातून ठिणग्या उडू लागल्या की ते जळून वाया गेले असे लोहार समजतो. हेच मी पुढे पायरीपायरीने सांगणार आहे, आणि त्यासाठी भारतातील सर्वांत जुन्या व सर्वांत ज्वलंत वैराचा, म्हणजे कलकत्त्याच्या मोहन बागान व ईस्ट बंगाल या दोन संघांच्या वैराचा आधार घेणार आहे.

२. वैर आणि भाऊबंदकी

प्रथम ‘वैर’ या शब्दाचा अर्थ नीट लावून घेऊ. शेतकरी दूरच्या तालुक्यातील अनोळखी माणसाशी पिढ्यानपिढ्या भांडत नाही. तो भांडतो बांधाला बांध लागून असलेल्या भाऊबंदाशी, ज्याचे आडनाव तेच, ज्याची जमीन तितकीच, आणि ज्याच्याशी आजोबांच्या वेळेपासूनचा एखादा दावा अजून दफ्तरात पडून आहे. गॅव्हिन किल्डफ या अमेरिकन संशोधकाने व त्याच्या सहकाऱ्यांनी महाविद्यालयीन बास्केटबॉल संघांच्या वैरांचा अभ्यास करून जो निष्कर्ष काढला, तो आपल्या भाऊबंदकीहून निराळा नाही: प्रतिस्पर्धी जवळचा असावा, आपल्यासारखा असावा, बरोबरीचा असावा आणि त्याच्याशी वारंवार गाठ पडलेली असावी, म्हणजे वैर मूळ धरते.

कलकत्त्यात हे सारे घटक जणू कोणी तजवीज करून एकत्र आणावेत तसे आले. मोहन बागानची स्थापना १८८९ सालची. या संघाने २९ जुलै १९११ रोजी बहुतांशी अनवाणी पायांनी खेळून ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या गोऱ्या संघाला २-१ असे हरवले आणि आयएफए शील्ड जिंकली, तेव्हापासून तो बंगालच्याच नव्हे तर देशाच्या अभिमानाचा विषय झाला. पुढे १९२० च्या जुलैत जोडाबागान संघाने मोहन बागानविरुद्धच्या सामन्यातून आपल्या एका पूर्व बंगाली खेळाडूला वगळले. या अन्यायाने संतापलेले सुरेशचंद्र चौधुरी तो संघ सोडून बाहेर पडले, आणि १ ऑगस्ट १९२० रोजी ईस्ट बंगाल क्लब जन्माला आला. एका संघाच्या जन्मपत्रिकेतच अपमानाची नोंद असावी, आणि ती ज्या सामन्यावरून व्हावी त्यात समोर मोहन बागान असावा, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. साखळी स्पर्धेत हे दोन संघ प्रथम २८ मे १९२५ रोजी भेटले आणि नव्या संघाने जुन्याला १-० असे हरवले.

त्यानंतर फाळणी झाली. पूर्व बंगालातून घरदार सोडून आलेली लक्षावधी माणसे कलकत्त्याच्या वेशीवर वसली, आणि ज्यांच्या गावाचे नाव नकाशावर परक्या देशात गेले त्यांना ‘ईस्ट बंगाल’ हे दोन शब्द एका संघाच्या नावात तरी शिल्लक सापडले. पश्चिम बंगालातील मूळ रहिवासी ते ‘घटी’ आणि पूर्वेकडून आलेले ते ‘बांगाल’. घटींचा मोहन बागान, बांगालांचा ईस्ट बंगाल. मोहन बागान जिंकला की बाजारात कोळंबीला मागणी, ईस्ट बंगाल जिंकला की हिलसा माशाला. डर्बीच्या दिवशी मैदानात उतरणाऱ्या खेळाडूला हे कोणी सांगावे लागत नाही. तो ज्या रिक्षाने सरावाला येतो तिचा चालक, तो जेथे चहा पितो तेथील पोऱ्या आणि त्याच्या घरमालकाची आई, सर्वजण त्याला ते आठवडाभर सांगत असतात.

३. वैराने देहात काय घडते

आता दुसरी पायरी. प्रतिस्पर्धी समोर आल्याने माणसाच्या हातून अधिक काम होते का? हा प्रश्न १८९८ साली नॉर्मन ट्रिप्लेट या अमेरिकन अभ्यासकाने विचारला. सायकलस्वारांच्या नोंदी तपासताना त्याला दिसले की एकटा घड्याळाविरुद्ध धावणारा स्वार, दुसऱ्याच्या सोबतीने वा स्पर्धेत धावणाऱ्या स्वाराहून मंद असतो. मग त्याने मुलांना मासेमारीच्या गळाचे चाक गुंडाळावयास लावले, तेव्हा जोडीने काम करणारी पुष्कळशी मुले भरभर गुंडाळू लागली.

पण कोणीतरी शेजारी असणे आणि जुना प्रतिस्पर्धी शेजारी असणे, यात फरक आहे. वर उल्लेखिलेल्या किल्डफनेच पुढे धावपटूंच्या शर्यतींच्या नोंदी तपासल्या, तेव्हा असे आढळले की ज्या शर्यतीत आपला नेहमीचा वैरी उतरला आहे त्या शर्यतीत धावपटू दर किलोमीटरला सुमारे ५ सेकंद कमी वेळ घेतो. ५ सेकंद म्हणजे काहीच नाही असे वाटेल, म्हणून हिशेब करून पाहू. ५ किलोमीटर अंतर २५ मिनिटांत तोडणारा मनुष्य मिनिटाला २०० मीटर धावतो. किलोमीटरमागे ५ प्रमाणे त्याचे २५ सेकंद वाचले, आणि २५ सेकंदांत तो सुमारे ८३ मीटर धावतो. म्हणजे तोच मनुष्य, त्याच पायांनी, केवळ वैरी शर्यतीत आहे एवढ्या कारणाने स्वतःलाच ८३ मीटर मागे टाकतो. फुटबॉलचे मैदान साधारणतः १०५ मीटर लांब असते. त्याच्याशी या अंतराची तुलना करून पाहावी.

रक्तातही याची नोंद होते. निक नीव्ह आणि सँड्रा वुल्फसन या इंग्लंडमधील दोघा संशोधकांनी २००३ साली फुटबॉलपटूंच्या लाळेची तपासणी प्रसिद्ध केली. टेस्टोस्टेरॉन हा देहातील एक स्राव आहे. आक्रमण आणि वर्चस्व यांच्याशी त्याचा संबंध जोडला जातो. स्वतःच्या मैदानावरील सामन्याआधी त्याचे प्रमाण वाढलेले आढळले, आणि समोरचा संघ कट्टर वैरी असेल तर आणखी वाढलेले आढळले. आपले घर राखण्यासाठी प्राणी जसा अंग फुगवितो, तसेच हे आहे.

तेव्हा प्रशिक्षकाने तोंडही उघडण्यापूर्वी डर्बीच्या दिवशी खेळाडूचा देह तयार झालेला असतो.

४. भात्याचे माप

येथे तिसरी पायरी येते, आणि माझ्या मते या विषयाचे मर्म हीच आहे. १९०८ साली यर्क्स आणि डॉडसन या दोघांनी उंदरांवर एक प्रयोग केला. उंदराने दोन पेट्यांपैकी योग्य पेटी ओळखावयाची; चुकला तर विजेचा धक्का. ओळखणे सोपे असेल तेव्हा धक्का जितका तीव्र तितका उंदीर लवकर शिकला. पण दोन पेट्यांतील फरक सूक्ष्म केला, तेव्हा तीव्र धक्क्याने उंदीर गोंधळला आणि मध्यम धक्क्यानेच उत्तम शिकला. या एका जुन्या प्रयोगावर पुढच्या काळात प्रमाणाबाहेर इमले चढविले गेले हे खरे. तरी त्यातील मूळ निरीक्षण क्रीडेला लागू पडते असे मला वाटते. सोप्या कामाला पुष्कळ उष्णता चालते. नाजूक कामाला बेताचीच लागते.

फुटबॉलमध्ये दोन्ही प्रकारची कामे एकाच वेळी चाललेली असतात. उंच आलेला चेंडू डोक्याने परतवून लावणे, पन्नास पावले धावत जाऊन प्रतिस्पर्ध्याला गाठणे, ही ताकदीची कामे; येथे रक्त उसळलेले असले तर बरेच. पण तीन बचावपटूंच्या मधल्या फटीतून नेमक्या वेगाने चेंडू सरकविणे, किंवा लाखभर लोकांच्या आरोळ्यांत पेनल्टी मारणे, हे सुईत दोरा ओवण्यासारखे आहे. रागाने थरथरणाऱ्या हाताने दोरा ओवला जात नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा, मध्यफळीतील एका तरुण खेळाडूला सामन्याआधी सांगितले की, ‘आज त्यांच्या दहा नंबरला श्वास घेऊ देऊ नकोस.’ पोरगा इमानदार. बाराव्या मिनिटाला त्याने दहा नंबरला असे आडवे केले की पंचाने पिवळे कार्ड काढले. आता दुसरे पिवळे कार्ड म्हणजे मैदानाबाहेर. उरलेली ७८ मिनिटे या पोराला पाय आखडूनच खेळावे लागणार, आणि समोरच्या संघाच्या हे ध्यानात आले की ते प्रत्येक चढाई त्याच्याच बाजूने करणार. एका वाक्याचा वारा जास्त झाला, आणि संघाची एक बाजू थंड पडली.

मोठमोठ्या प्रशिक्षकांच्या हातूनही हे माप चुकू शकते. २७ मे २००९ रोजी रोम येथे बार्सिलोना आणि मँचेस्टर युनायटेड यांच्यात युरोपचा अंतिम सामना होता. ती डर्बी नव्हे, पण औषध तेच. प्रशिक्षक पेप ग्वार्डिओला यांनी मैदानात उतरण्याच्या काही क्षण आधी खेळाडूंना एक चित्रफीत दाखविली. ‘ग्लॅडिएटर’ या चित्रपटाच्या संगीतावर व दृश्यांत त्या खेळाडूंचीच छायाचित्रे गुंफली होती. कित्येकांचे डोळे भरून आले. आणि मग सुमारे दहा मिनिटे मैदानावर युनायटेडचेच राज्य होते. पुढे बार्सिलोनाच्या एटोने गोल केला, संघ सावरला आणि २-० ने जिंकला. परंतु ती पहिली दहा मिनिटे प्रत्येक प्रशिक्षकाने डोळ्यांपुढे ठेवावीत.

रागाविषयीही असेच. बॅरी स्टॉ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये २३ बास्केटबॉल संघांच्या प्रशिक्षकांची मध्यंतरातील ३०४ भाषणे तपासून प्रसिद्ध केलेला निष्कर्ष असा की, प्रशिक्षकाने नाराजी व संताप दाखविला तर उत्तरार्धातील खेळ सुधारतो. पण एका मर्यादेपर्यंतच, आणि ती ओलांडली की तोच संताप संघाला खाली ओढतो.

५. रहीमसाहेबांची मागणी आणि पी. के. यांचे ‘टॉनिक’

आता माप ज्यांना उमगले होते अशा माणसांकडे वळू. १९६२ साली जाकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धेत भारतीय फुटबॉल संघ अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला, तेव्हा त्याची स्थिती बिकट होती. समोर दक्षिण कोरिया, ज्याने साखळीत भारताला २-० असे हरविले होते. प्रेक्षागारात सुमारे एक लाख इंडोनेशियन लोक, आणि ते भारतावर संतापलेले. कारण इस्रायल व तैवान यांना या स्पर्धेतून वगळल्याबद्दल भारतीय पदाधिकारी सोंधी यांनी जाहीर हरकत घेतली होती. बचावपटू जर्नेलसिंग यांच्या डोक्याला टाके पडलेले, आणि प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांना कर्करोगाने ग्रासलेले.

सामन्याच्या आदल्या दिवशी रहीमसाहेब काय बोलले हे त्या संघातील खेळाडूंनी पुढे सांगितले आहे. त्यांनी कोरियाला शिव्या दिल्या नाहीत, प्रेक्षकांच्या हुल्लडीची कैफियत मांडली नाही. त्यांनी मुलांकडे एक भेट मागितली: उद्या माझ्यासाठी सुवर्णपदक आणा. एवढेच. भारताने सामना २-१ असा जिंकला. एक गोल पी. के. बॅनर्जी यांचा, दुसरा डोक्याला टाके असलेल्या जर्नेलसिंगांचा, ज्यांना रहीमसाहेबांनी बचावातून काढून आघाडीला उभे केले होते. मध्यफळीत मुंबईच्या टाटा संघाकडून खेळणारे, मूळचे गोव्याचे फॉर्च्युनाटो फ्रँको होते. रहीमसाहेब पुढच्याच वर्षी, जून १९६३ मध्ये, निवर्तले.

या प्रसंगात दोन गोष्टी एकत्र आहेत, आणि वाचकाने त्या वेगळ्या काढून पाहाव्यात. एक, भावनेचे टोक शत्रूकडे वळविलेले नाही, आपल्या माणसाकडे वळविलेले आहे. द्वेषाने हात थरथरतो, कृतज्ञतेने तो स्थिर होतो. दुसरी, नुसती भावना दिलेली नाही, काम दिलेले आहे: जर्नेल, तू आज पुढे खेळ. भावना आणि हुकूम यांची अशी सांगड घातली म्हणजे मनातील आगीला वाट मिळते.

हे सारे ज्याने ऐकले तो २६ वर्षांचा उजव्या बगलेचा आघाडीवीर, प्रदीपकुमार बॅनर्जी, पुढे कलकत्त्याच्या डर्बीचा सर्वांत मोठा वक्ता झाला. गंमत अशी की खेळाडू म्हणून पी. के. यांनी मोहन बागान वा ईस्ट बंगाल यांपैकी कोणाचीच जर्सी घातली नाही. त्यांची बहुतेक कारकीर्द ईस्टर्न रेल्वेच्या संघात गेली. १९७२ मध्ये ते ईस्ट बंगालचे प्रशिक्षक झाले, आणि सामन्याआधीच्या त्यांच्या बोलण्याला कलकत्त्याने ‘व्होकल टॉनिक’ असे नाव दिले. वैद्याच्या बाटलीतील टॉनिकासारखे हे टॉनिक कानांतून देण्याचे.

टॉनिक हा शब्द मला फार समर्पक वाटतो, कारण टॉनिकाला मात्रा असते आणि ती रोग्यागणिक बदलते. डर्बीच्या सकाळी एकाच संघात तीन प्रकारची माणसे असतात. पहिला, नुकताच खेड्यातून आलेला मुलगा, ज्याने लाखाचा जमाव कधी पाहिलेला नाही; त्याला पेटवू नये, त्याच्या खांद्यावर हात ठेवावा आणि त्याला एकच सोपे काम सांगावे, की पहिले तीन पास जवळच्या माणसालाच दे. दुसरा, दहा डर्बी खेळलेला अनुभवी, ज्याला हा सामना नोकरीच्या हजेरीसारखा वाटू लागला आहे. त्याला मात्र चिमटा हवा. तिसरा, आधीच दात-ओठ खाणारा. त्याच्यापुढे शत्रूचे नावही काढू नये. सर्वांसमोरचे भाषण पाच मिनिटांचे असते, त्याआधीचे हे एकेकट्याशी बोलणे आठवडाभराचे, आणि खरी किमया त्या आठवडाभराच्या कामात असते असे माझे ठाम मत आहे.

पी. के. यांच्या टॉनिकाची पावती ३० सप्टेंबर १९७५ रोजी मिळाली. आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट बंगालने मोहन बागानला ५-० असे धुऊन काढले. सुरजित सेनगुप्तांनी पाचव्याच मिनिटाला आरंभ केला, श्याम थापांनी दोन गोल केले, रणजित मुखर्जी आणि शुभंकर सान्याल यांनी एकेक. त्याच वर्षी ईस्ट बंगालने कलकत्ता साखळी ओळीने सहाव्यांदा जिंकली होती.

आणि १९७६ मध्ये पी. के. मोहन बागानात गेले! ज्या माणसाने एका बाजूला चार वर्षे दुसऱ्या बाजूविरुद्ध उभे केले, तो आता दुसऱ्या बाजूला पहिलीविरुद्ध उभे करणार होता. निव्वळ वैर हेच जर त्याच्या बोलण्याचे भांडवल असते तर ते एका रात्रीत दिवाळखोर झाले असते. पण २४ जुलैच्या साखळी सामन्यात मोहन बागानच्या महंमद अकबरने अवघ्या १७व्या सेकंदाला गोल केला, आणि ईस्ट बंगालची सहा वर्षांची मालिका त्या मोसमात संपली. याचा अर्थ मी असा लावतो की पी. के. यांचा कच्चा माल संघाचा इतिहास हा नव्हताच, समोर बसलेले खेळाडू हाच होता.

१९७७ ची हकीकत तर अधिक बोधक आहे. त्या वर्षी साखळीत मोहन बागान ईस्ट बंगालकडून ०-२ हरला, आणि जे लोक काल पी. के. यांना डोक्यावर घेत होते तेच त्यांच्यावर तुटून पडले. मग २४ सप्टेंबर रोजी ईडन गार्डन्सवर न्यू यॉर्कचा कॉसमॉस संघ आला, साक्षात पेले यांना घेऊन. पी. के. यांनी गौतम सरकार या चिवट मध्यरक्षकाला पेले यांच्यावर पहाऱ्यास बसविले. सामना २-२ असा सुटला. ज्यांनी पेले यांना रोखून धरले त्यांना आता आपल्याच गावच्या संघाची भीती कशी वाटावी? लगेच पाठोपाठ झालेल्या शील्डच्या अंतिम सामन्यात मोहन बागानने ईस्ट बंगालला १-० हरविले, आणि गोल केला श्याम थापा यांनीच, जे दोन वर्षांपूर्वी त्या ५-० मध्ये पलीकडून खेळले होते. त्याच मोसमात या संघाने दिल्लीचा ड्युरँड चषक आणि आमच्या मुंबईच्या कूपरेजवरचा रोव्हर्स चषकही उचलला. हरलेल्या संघाला धीर द्यावयाचा तर शब्दांपेक्षा ताजा पुरावा अधिक उपयोगी पडतो, हे पी. के. यांनी हेरले होते.

६. भिंतीपलीकडे

ड्रेसिंग रूमच्या भिंतीआड प्रशिक्षक मात्रा मोजू शकतो. भिंतीपलीकडे ती मोजणारा कोणी नसतो. १९७५ च्या त्या ५-० नंतर मोहन बागानच्या एका तरुण चाहत्याने स्वतःचे जीवन संपविले. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवरील साखळी डर्बीत मैदानावरील दोन खेळाडूंच्या झटापटीचे पडसाद प्रेक्षागारात उमटले, दंगल आणि चेंगराचेंगरी झाली, आणि १६ प्रेक्षक घरी परतले नाहीत. खेळ पाहावयास गेलेली ती माणसे होती. कलकत्त्यात दरवर्षी त्या दिवशी त्यांचे स्मरण केले जाते. वर्तमानपत्रांपुढे बोलणाऱ्या प्रत्येक प्रशिक्षकाने हा आकडा ध्यानात ठेवणे हा त्याच्या जबाबदारीचा भाग आहे, आणि तो टाळता येण्याजोगा नाही.

७. १३ जुलै १९९७

आता त्या सामन्याकडे येऊ, ज्यात आतापर्यंत सांगितलेले सारे एका संध्याकाळी पाहावयास मिळाले.

फेडरेशन चषकाची उपांत्य फेरी होती. ईस्ट बंगालकडे पी. के., आणि मोहन बागानकडे अमल दत्त. अमलबाबू हे काही साधे गृहस्थ नव्हते. भारतातील पहिले पूर्णवेळ व्यावसायिक फुटबॉल प्रशिक्षक तेच. इंग्लंडला स्वतः जाऊन त्यांनी प्रशिक्षणाचे शिक्षण घेतले, आणि परत आल्यावर परदेशी सामन्यांचे चित्रपट प्रोजेक्टरवर दाखवीत त्यांनी बंगालच्या मुलांना आधुनिक खेळ शिकविला. त्यांची निष्ठा शंकेच्या पलीकडची होती. त्या मोसमात त्यांनी ‘डायमंड’ रचना आणली. मध्यफळीतील चार खेळाडू एका रांगेत उभे न करता हिऱ्याच्या आकारात ठेवावयाचे, एक मागे, एक पुढे, दोन बाजूंना. त्यामुळे मैदानाच्या मध्यभागी आपली माणसे नेहमी जास्त पडतात आणि चेंडू आपल्याकडे राहतो. उपांत्यपूर्व फेरीत या हिऱ्याने गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सला ६-० असे कापून काढले होते, आणि सारे शहर त्याच्या तेजाने दिपून गेले होते.

सामन्याआधीच्या दिवसांत अमलबाबूंनी वर्तमानपत्रांतून तोंडाचा पट्टा सोडला. ईस्ट बंगालच्या बायचुंग भुतियाला ‘चुंग चुंग’, केनियाच्या सॅमी ओमोलोला ‘ऑमलेट’, सोसोला ‘शसा’ म्हणजे बंगालीत काकडी. आपल्या संघाचा धीर वाढावा आणि समोरच्याचे चित्त ढळावे, हाच त्यांचा हेतू असणार. परंतु असे शब्द दुधारी असतात. आपल्या खेळाडूच्या कानांत ते सांगतात की शत्रू दुबळा आहे, आणि त्याने तो किंचित सैल होतो. शत्रूच्या कानांत मात्र ते पी. के. यांच्या टॉनिकाहूनही तीव्र मात्रा ओततात, तीही फुकट. सिक्कीमच्या डोंगरातील खेड्यातून आलेला २० वर्षांचा मुलगा रोज सकाळी वर्तमानपत्रात आपल्या नावाची थट्टा वाचत असेल, तेव्हा त्याच्या प्रशिक्षकाला निखारा फुलविण्याचे काम उरत नाही. त्या आगीला कामाची वाट दाखविणे एवढेच उरते.

आणि वाट होती. हिऱ्याचा आकार मध्ये दाट आणि बाजूंना विरळ असतो. जो मध्यभाग सोडून बगलांनी जाईल आणि चेंडू हिसकताच वेगाने पुढे धावेल, त्याला रान मोकळे सापडते. तेव्हा त्या दिवसाचा निकाल केवळ अपमानाच्या चिडीने लागला असे वाचकाने समजू नये. रागाने पायांना वेग दिला असेल. कोठे धावावयाचे हे रागाला कळत नाही.

सॉल्ट लेक स्टेडियमवर त्या दिवशी १,३१,७८१ प्रेक्षकांची नोंद झाली. भारतात कोणत्याही खेळाच्या सामन्याला याहून मोठा जमाव झाल्याचे सांगितले जात नाही. नझिमुल हकने ईस्ट बंगालला आघाडी मिळवून दिली. मोहन बागानच्या चिमा ओकोरीने एक गोल फेडला. बाकीचे तीन गोल बायचुंग भुतियाचे. निकाल ४-१. ज्याच्या नावाची चेष्टा झाली त्याचेच नाव त्या रात्री अर्धे कलकत्ता ओरडत होते, आणि पुढे तो मुलगा भारताचा कर्णधार झाला.

या विजयाचे वर्णन करणारे बहुतेक लोक येथेच थांबतात. पण तो उपांत्य सामना होता. चषक अजून कोणाच्याच हाती आलेला नव्हता. अंतिम सामन्यात ईस्ट बंगालसमोर गोव्याचा साळगावकर संघ उभा राहिला. त्याच्याशी फाळणीचे दुःख जोडलेले नव्हते, हिलसा नव्हता, कोळंबी नव्हती, कोणी कोणाच्या नावाची थट्टा केलेली नव्हती. साळगावकरने तो सामना २-१ असा जिंकला, आणि १९९७ चा फेडरेशन चषक गोव्याला गेला.